हळदकुंकवानं मेलेला कॉम्प्युटर

मला राग पटकन येतो. अख्ख्या पेठेला माहीत आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही. आमचे हे मिलिटरीत हवालदार. तेव्हा आसामात होते. सुट्टीवर आले की म्हणायचे, "क्षमा, तुझ्यापेक्षा आमचा सुभेदार परवडला." आता नाव ठेवलं आत्यानं, त्याला मी काय करू?

ही गोष्ट सत्त्याण्णवच्या दसऱ्याची. खत-बियाणं विकणाऱ्या एका सहकारी संघाच्या साताऱ्याच्या कचेरीत मी टायपिस्ट होते. मुख्य कचेरी सांगलीला. त्या वर्षी उन्हाळ्यात दोन्हीकडं एकेक कॉम्प्युटर आला आणि माझ्या सुखाला दृष्ट लागली. सांगलीहून बर्वेसाहेब आले. शरच्चंद्र बर्वे, आमचे व्यवस्थापक, इस्त्रीचा शर्ट आणि कपाळाला आठ्या. ते म्हणाले, "निकमबाई, दसरा झाला की मी बघायला येतो. माझ्यासमोर एक पत्र कॉम्प्युटरवर लिहून, छापून दाखवायचं. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर कडेगावच्या शाखेत टाइपरायटर आहे, तिकडं जा."

कडेगाव! माझी ऋचा दहावीला. नवरा तिकडं डोंगरात. पोरीला ऐन वर्षात शाळेतून उपटून कडेगावला न्यायचं, की साताऱ्यात कुणाच्या दारात ठेवायचं? मी तोंडानं "हो साहेब" म्हटलं आणि मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घरी मात्र एक अक्षर बोलले नाही. पोरीनं अभ्यास करायचा की माझ्या बदलीची काळजी करायची?

मला शिकवलं शौनकनं. हा वाईचा, भिक्षुकाच्या घरातला. बाप घाटावर पूजा सांगतो आणि हा कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेला. आठवड्यातले काही दिवस आमच्याकडं, काही दिवस सांगलीला. मुलगा हुशार. त्यानं कॉम्प्युटरवर टाइपरायटरचीच मांडणी बसवून दिली, त्यामुळं माझी बोटं अडली नाहीत. अडला तो माउस. पण दसऱ्यापर्यंत तोही माझं ऐकायला लागला.

शौनकला एकच खोड, चेष्टा. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे आमचे गोदाम सांभाळणारे नाथाजी. नाथाजींना जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचा नाद लागलेला. एकदा शौनकनं माउसच्या पोटातली गोळी काढून खिशात घातली. नाथाजी टेबलावर माउस घासून घासून दमले. "आवं ताई, ह्यो उंदीर आज उपाशी हाय का काय? जागचा हालंना!" मग एकदा असं केलं, की थोडा वेळ हात लावला नाही की पडद्यावर अक्षरं सरकायची, "नाथाजी, पत्ते पुरे, पोती मोजा." नाथाजींनी ते वाचलं, इकडंतिकडं बघितलं आणि कॉम्प्युटरलाच म्हणाले, "मोजली की रं सकाळीच!" आम्ही हसून हसून लोळलो. माझ्या वाट्याला मात्र तो कधी गेला नाही. बहुतेक माझी जीभ त्याला माहीत होती.

खंडेनवमीला कचेरीत पूजा केली. आमच्याकडं वजनकाटा, टाइपरायटर, जीप, सगळ्यांची पूजा असते आणि एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. या वर्षी कॉम्प्युटरही पाटावर, म्हणजे टेबलावर. शौनकनं खणखणीत मंत्र म्हटले, पूजा मी केली. आता करायची तर यथासांग करायची ना? पडद्याला झेंडूची माळ, माउसला गंध, कीबोर्डावर हळदकुंकू, अक्षता, आणि फुलानं थोडं पाणी शिंपडलं. मी मनापासून म्हटलं, "बाबा रे, सोमवारी माझी लाज राख." दसरा शनिवारी होता, रविवार सुट्टीचाच.

सोमवारी मी लवकर कचेरीत गेले. साहेब दुपारच्या आत यायचे होते. हात जोडले, बटण दाबलं. पडदा उजळला, नेहमीची चित्रं आपापल्या जागी दिसली. मी माउस हलवला, बाणही हलला. ज्या चित्रावरनं लिहायचं पान उघडतं, त्यावर टकटक केलं. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. दुसऱ्या चित्रावर, तिसऱ्यावर, खालच्या पट्टीवर. बाण फिरतोय, चित्रं नुसती बघतायत, उघडत एक नाही! बंद करून चालू केला. तेच.

मग माझी नजर कीबोर्डाकडं गेली. बटणांच्या फटीफटीत कुंकू. पाण्यानं भिजून वाळलेलं, चांगलं घट्ट बसलेलं. अगं बाई, मीच मारला की याला!

नाथाजी आले, त्यांनी बघितलं, टोपी मागं सारली. "ताई, कुंकू आत उतारलं आसंल. मशीन हाय ती, तिला सोसलं न्हाई." मग त्यांनी कीबोर्ड उचलला, उपडा केला आणि तान्ह्या पोराच्या पाठीवर थापटावं तसं थापटायला लागले. त्यातनं अक्षता पडल्या, कुंकू पडलं, झेंडूची पाकळी पडली आणि शेंगदाण्याची टरफलं पडली. टरफलं माझी नव्हती, पण त्यावर भांडायची ती वेळ नव्हती. मी फडक्यानं पुसपुस पुसलं. पुन्हा लावून बघितलं. मेला तो मेलाच.

शौनकच्या घरी फोन नव्हता. वाईला शेजारच्या वाण्याकडं लावला. तो म्हणाला, "आत्ताच बसला गेला." घड्याळ पुढं पळत होतं आणि वाईची बस काही येईना.

नाथाजी माझ्याजवळ सरकले. "ताई, फ्यूज काढू का? साहेबास्नी सांगू, लाइटच न्हाई. आजचा दिस टळंल. कुणाला कळतंय?"

खरं सांगते, माझ्या तोंडावर आलं होतं, "काढा." पोरगी डोळ्यांसमोर उभी होती. पण मला खोटं बोलायचा भारी कंटाळा. एकदा बोललं की लक्षात ठेवत बसावं लागतं. आणि पुढच्या सोमवारी काय, खांब पाडायचा? "नको," मी म्हटलं. "जे झालंय ते सांगते. काय गिळतील का मला?" आवाज चढा होता, पण पदर घट्ट धरला होता मी.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. बर्वेसाहेब आत आले. एरवी आल्या आल्या हजेरी बघणारा माणूस, खुर्चीत बसला आणि पाणी मागितलं. शर्टाची इस्त्री मोडलेली. कॉम्प्युटरकडं बघेनातच. मी म्हटलं, आता बोलून टाकावं, नाहीतर धीर जायचा.

"साहेब, कॉम्प्युटर चालत नाही. खंडेनवमीला मी पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं, ते आत गेलं. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. बटण लावलं की चित्रं दिसतात, पण एक उघडत नाही."

साहेबांच्या हातातला पेला तसाच राहिला. ते माझ्याकडं एकटक बघत होते. मी मनात कडेगावची एस्टी पकडलीसुद्धा.

"चित्रं दिसतात," ते हळूच म्हणाले, "बाण फिरतो, पण काही उघडत नाही. असंच ना?"

"हो साहेब."

"नारळ फोडला होता?"

"नाही साहेब. नुसतं हळदकुंकू."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "मी फोडला. तिथंच, टेबलाच्या कडेवर. पाणी उडालं सगळीकडं. निकमबाई, सांगलीचाही मेलाय."

नाथाजींनी "आयला!" म्हटलं आणि जीभ चावली.

साहेब आता थांबेनात. म्हणाले, "काल रविवारी कुणी नसताना गेलो होतो. मला कुठं येतोय हो कॉम्प्युटर? आज तुमची परीक्षा घ्यायची, म्हटलं आपण थोडा हात बसवून घ्यावा. लावला, तर हे असं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चेअरमनना काय सांगू? म्हटलं, साताऱ्याचा चालू असेल, निकमबाईंना विचारू काय करायचं. तर तुम्हीच..." मघापर्यंत मला ज्या माणसाची धास्ती होती, त्याची आता दया यायला लागली. मी त्यांना चहा सांगितला.

चहा यायच्या आधी शौनक आला. घामाघूम, हातात आपट्याची पानं. "बस पंक्चर झाली हो! सोनं घ्या, साहेब. ताई, सोनं घ्या." कुणी हात पुढं करेना. त्यानं साहेबांचं तोंड बघितलं, माझं बघितलं, नाथाजींचं बघितलं. मग पडद्याकडं बघितलं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"ताई... तुम्ही लावलात? नाथाजी नाही?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"मी... नाथाजींसाठी... मला वाटलं, तुमच्या आधी मी पोचेन..."

त्यानं काय केलं होतं ऐका. पूजेच्या आधीच त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्याचाच फोटो काढून तो मागं चिकटवून ठेवला होता. खरी चित्रं ओढून कडेला अशी दडवली, की दिसूच नयेत. खालची पट्टी दोऱ्याएवढी बारीक केली. मी सकाळपासून ज्यांच्यावर टकटक करत होते ती चित्रं नव्हतीच, चित्रांचा फोटो होता! नाथाजी पत्ते खेळायला बसले की त्यांची जिरवायची, एवढाच बेत.

"आणि सांगलीचा?" साहेबांनी विचारलं.

शौनक जमिनीकडं बघत म्हणाला, "गुरुवारी तिथं होतो. तिथल्या सुमंत कारकुनासाठी केलं होतं. तोही पत्तेच खेळतो, साहेब."

माझ्या हातात कुंकवाचं फडकं होतं, ते मी त्याच्या तोंडावर फेकून मारलं. "मंत्र म्हणत होतास ना रे! माझ्याबरोबर हात जोडून उभा होतास! इथं माझा जीव जायची वेळ आली आणि तुला खेळ सुचतोय?" आणखीही पुष्कळ बोलले, ते सगळं इथं सांगत नाही. फडकं बाजूला झालं तर त्याचं नाक, गाल लालेलाल झाले होते. आणि मग साहेब हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतनं पाणी. "जिवंत आहे! म्हणजे दोन्ही जिवंत आहेत! बाई, जिवंत आहेत हो!" ते टेबलावर हात मारत होते. त्यांचा जीव भांड्यात पडला, तो आवाज जणू मला ऐकू आला. माझाही पडला, पण अर्धाच. परीक्षा राहिली होती.

शौनकनं तसल्याच तोंडानं सगळं पूर्ववत केलं. मी खुर्चीत बसले. टकटक केलं आणि पांढरं पान उघडलं. रब्बीच्या बियाण्याचं पत्र लिहिलं, मथळा ठळक केला, छापायला टाकलं. प्रिंटर कर्रकर्र करत कागद बाहेर ढकलायला लागला. साहेब माझ्या पाठीशी उभे होते. कागद त्यांनी बघितलाच नाही. खाली वाकून, नाथाजींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "ते मथळ्याचं अक्षर जाड कसं केलंत? पुन्हा एकदा दाखवा."

मी पुन्हा दाखवलं. मग त्यांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्याकडून करून घेतलं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं, शाळेतल्या पोरासारखे खूश झाले. निघताना म्हणाले, "तुम्ही इथंच राहायचं. कडेगावचं डोक्यातनं काढा. आणि आज जे सरळ सांगितलंत ना, ते मला काल चेअरमनना सांगता आलं नाही." मी छापलेलं पत्र फायलीला लावायला लागले. बोलले असते तर रडू फुटलं असतं, आणि शौनकसमोर मी रडणार होय?

घरी कशी पोचले, मला ठाऊक नाही. रस्ताभर एकटीच हसत होते. म्हटलं, पोरीला आता सगळं रंगवून सांगायचं, नारळ, टरफलं, लाल नाक.

दार उघडलं तर खोलीच्या मध्यभागी आमच्या ह्यांची काळी ट्रंक. माळ्यावरनं खाली काढलेली, पुसलेली, आत माझ्या दोन साड्या आणि हिची पुस्तकं. ऋचा स्टोव्हवर चहा ठेवत होती. तिनं माझ्याकडं वळूनही बघितलं नाही.

"आई, ओरडू नकोस," ती म्हणाली. "मला कधीचं माहीत आहे. नाथाजीकाका मंडईत भेटले होते. मी शाळेत विचारून ठेवलंय, बोर्डाचा फॉर्म कडेगावच्या शाळेतनंही भरता येतो. वर्गातल्या एकीची मावशी तिथं राहते, तिला खोलीचंही विचारलंय. तू एकटी जायचं नाहीस. मला काही वाटत नाही, खरंच. तिथंही अभ्यास होतो."

सगळं एका दमात. पाठ केल्यासारखं. माझ्या तोंडातला नारळ तोंडातच राहिला.

"ट्रंक वर ठेव," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे कुठं जायचं नाही. बदली नाही. साताऱ्यातच दहावी करायची."

ती माझ्याकडं बघत राहिली. चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही, मीच पुढं होऊन स्टोव्ह बंद केला. मग ती मटकन ट्रंकेवर बसली आणि इतक्या मोठ्यानं रडायला लागली, की शेजारच्या वहिनी दारात आल्या. मी त्यांना हातानंच जा म्हटलं आणि तिच्याशेजारी बसले.

"मला नव्हतं गं जायचं," ती हुंदके देत म्हणाली. "अजिबात नव्हतं जायचं, आई."