हिल्डाचा डबा

आमच्या कागदावर दोन चौकटी असतात. घरात कुणी राहत नसेल तर 'व्हेकंट', म्हणजे मोकळं. घरात काहीच उरलं नसेल तर 'एम्प्टी', म्हणजे रिकामं. पहिल्या चौकटीवर खूण झाली की सामान हलवायला चार आठवडे मिळतात. दुसरीवर झाली की कुलूप बदलतं आणि उरलंसुरलं कचऱ्याच्या गाडीत जातं. इंग्लंडात ग्रिम्सबी गावी घरं भाड्यानं देणाऱ्या एका संस्थेत मी एकोणीस वर्षं काढली. हा फरक मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. तरी चूक माझ्याच हातून झाली.

विल्फ्रेड ऑग्डन नावाचे आमचे म्हातारे भाडेकरू खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात गेले आणि तिथूनच वृद्धाश्रमात. मूलबाळ नाही. घर मोकळं झालं हे खरंच होतं. पण माझा साहेब ग्रेगरी, माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणाला, "ग्लेनिस, दोन्हीवर कर खूण. मोकळं काय, रिकामं काय, एकच ते. महिनाअखेर आहे." आत जाऊन बघायचं काम माझं होतं. बाहेर गारठा होता, मी गेले नाही. खूण केली.

पंधरा दिवसांनी ऑग्डननी निरोप धाडला. बाकी सगळं टाका, कपाटातला बिस्किटांचा डबा तेवढा आणा, त्यात हिल्डा आहे. बायकोची राख अकरा वर्षं त्यांनी त्या डब्यात जपली होती. डबा तोवर कचऱ्याच्या गाडीतून गेला होता. ते गेले की दोघांची राख एकत्र करून एकाच खड्ड्यात पुरायची, असं दोघांचं ठरलं होतं. आमच्याकडे बरेच जण असं करतात.

ग्रेगरीनं पत्र लिहिलं, घर मोकळं असल्यामुळे नियमानुसार कार्यवाही झाली वगैरे. द्यायला मात्र मला पाठवलं. निर्लज्ज मेला. आणि मी तरी कुठं वेगळी होते.

ऑग्डननी पत्र वाचलं, घडी घातली.

"कुणी राहत नव्हतं, बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तू आत जाऊन बघितलंस का, पोरी?"

"नाही."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त तसाच एक डबा मागितला. दुसऱ्या दिवशी मी नेला, तर बिस्किटं नर्सना वाटायला लावली आणि डबा ठेवून घेतला.

मार्चमध्ये ते गेले. दुसरं कुणी नव्हतं म्हणून वृद्धाश्रमाच्या कागदावर जवळचं माणूस म्हणून त्यांनी माझंच नाव दिलं होतं. वृद्धाश्रमाच्या बाईंचा फोन आला, खोली मोकळी झालीय, रिकामी कधी करून देताय? या वेळी मी स्वतः गेले. खिडकीशी डबा होता, झाकणावर चिकटपट्टी लावून हिल्डाचं नाव लिहिलेलं. आत काही नव्हतं.

"रिकामाच आहे ना? टाकू?" बाईंनी विचारलं.

"रिकामा आहे," मी म्हटलं. "मोकळा नाही."

त्यांची राख मी त्याच डब्यात भरून पुरली. अर्धी जागा तशीच सोडली.