मेलेलं बी

"मेलंय ते. सही करा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले.

मी पेनाला हात लावला नाही. एकोणतीस वर्षं या प्रयोगशाळेत बियाणं तपासतेय. मेलेलं कोणतं आणि झोपेचं सोंग घेतलेलं कोणतं, हे मला दोन वर्षांपूर्वी आलेल्या साहेबांनी शिकवायचं? वा रे वा!

झालं असं, की गव्हाच्या चारशे पोत्यांच्या नमुन्यात तणाचं बी निघालं. काळं, मोहरीहून बारीक. हे तण बाहेरून आलेलं. नाव लांबलचक, म्हणून आम्ही त्याला 'पाहुणा' म्हणतो. पण पाहुणा चार दिवसांनी जातो तरी, हा शेतात शिरला की मालकालाच बाहेर काढतो. माझ्या ताईचं खालचं शेत असंच गेलं. तीन वर्षं ती उपटत होती आणि तो उगवत होता. शेवटी तिने हात टेकले. माझी ताई कुणापुढे हात टेकणारी बाई नाही हो! तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तपासणीची पद्धत साधी. ओल्या टिपकागदावर बी मांडायचं, उबेच्या कपाटात चौदा दिवस ठेवायचं, कोंब मोजायचे. पाहुण्याच्या शंभर दाण्यांतला एकही फुटला नाही. साहेबांनी लिहून टाकलं, 'मृत. धोका नाही.' त्याखाली माझी सही झाली की शुक्रवारी पोती पेरणीला जाणार होती.

मी चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि दहा दाणे घरी नेले. नवरा सुतार, त्याच्याकडून काचपेपरचा तुकडा घेतला. पाणी आत शिरावं म्हणून एकेक दाण्याचं कठीण कवच हलक्या हाताने घासलं आणि दाणे ओल्या कागदावर मांडून बशी खिडकीत ठेवली. दिवसा ऊन, रात्री गारठा.

"बायका स्वतःची नखं घासतात. ही तणाला नटवतेय," नवरा म्हणाला.

"गप बस, नाहीतर तुझी दाढी घासेन याच कागदाने."

चौथ्या दिवशी दहातले आठ फुटले. पांढरेशुभ्र कोंब! आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि मग एकदम गेल्या वर्षीचं आठवलं. कामावर गेले ती आधी साहेबांच्या खिडकीखाली, गाड्या लावतात तिथे जाऊन बघून आले. मग बशी घेऊन वर गेले.

साहेब खिडकीत सिगारेट ओढत होते. "नियमात काचपेपर कुठे आहे?"

"शेतात नांगर आहे, साहेब. खडे आहेत, ट्रॅक्टरची चाकं आहेत. ती काय तुमचा नियम वाचून फिरतात?"

"सहा महिन्यांवर निवृत्ती आलीय तुमची. कशाला नसतं लचांड गळ्यात घेता?"

"म्हणूनच. सहा महिन्यांनी माझं कोण ऐकणार?"

त्यांनी बशी उचलली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चला खाली," मी म्हटलं. आवाज इतका चढला, की ते मुकाट्याने आले.

तपासणी झाली की तणाचं बी पत्र्याच्या डब्यात घालून जाळायचं, मेलेलं असलं तरी, असा आमचा रिवाज. गेल्या वर्षीही पाहुणा सापडला होता, तेव्हाही एक दाणा फुटला नव्हता. मी डबा आणायला उठले तर साहेब हसले, "मेलेल्याला पुन्हा काय मारताय?" आणि सगळं बी खिडकीतून खाली खडीत झटकलं. स्वतःच्याच अहवालावर विश्वास ठेवला त्यांनी. आणि त्या अहवालावर सही माझी होती, म्हणून तेव्हाची पोतीही पेरणीला गेली. साहेब ठामपणे बोलले, मी मान डोलावली.

आता साहेबांच्या गाडीच्या चाकांच्या दोन्ही बाजूंनी पाहुणा गुडघाभर वाढला होता. वर्षभर त्यांच्याच चाकांनी खडीत बी घासलं होतं.

"उपटा," मी म्हटलं.

साहेब वाकले, ओढलं. देठ हातात आला, मूळ जमिनीत राहिलं.

"तुटलं," ते म्हणाले.

"तुटणारच. माझ्या ताईने तीन वर्षं हेच केलं."

त्यांनी देठ बोटांत फिरवला. मग हळूच म्हणाले, "गेल्या वर्षीची फाईल उघडली, तर आधी तुम्ही अडकाल."

"अडकेन की! सही करताना हात माझाच होता ना?"

वर जाऊन मी 'मृत'वर काट मारली. 'जिवंत. पोती रोखा,' असं लिहून सही ठोकली. मग गेल्या वर्षीची फाईल काढली, माझ्याच सहीवर रेघ ओढली. खाली लिहिलं, 'चूक झाली. ही पोती जिथे गेली, त्या सगळ्यांना कळवा.' पुन्हा सही केली. अक्षर चांगलं आलं.

साहेब दारात उभे होते. मी कचऱ्यातले कोंब वेचून जाळायच्या डब्यात घातले, उरलेलं बी त्यावर ओतलं आणि त्यांच्यापुढे हात केला.

"काडेपेटी द्या."