पन्हळीचं तोंड

माझं लग्न ठरलं तेव्हा तौहीदच्या घरच्यांनी मुलाची नोकरी नंतर सांगितली, आधी टाकी किती खोल आहे ते सांगितलं. कामोठ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये चहा पिता पिता माझी होणारी सासू नूरजहाँ मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "दोन माणसं एकावर एक उभी ऱ्हातील, येवढी खोल हाय." अब्बा नुसतेच हसले. बेटावर मुलगी देताना टाकीची खोली विचारायची रीत आहे, हे त्यांच्या गावी नव्हतं. माझ्याही नव्हतं. असतं तर ती टाकी भरतं कोण, हेही मी तिथल्या तिथे विचारून घेतलं असतं.

आमच्या बेटावर सारसोळ्याच्या जेट्टीवरून होडीने जायचं. सकाळी एक होडी, संध्याकाळी एक. घरं मोजकी, विहीर एकच, आणि तिचं पाणी इतकं खारट की भांडीसुद्धा पांढरी पडतात. त्यामुळे वर्षभराचं पाणी पावसाचं. छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून ओट्याखालच्या टाकीत. पावसाळ्यात जेवढं साठेल तेवढ्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत प्यायचं, शिजवायचं आणि जपून अंघोळ करायची.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या छपरावर बगळे आणि कावळे बसतात, आणि ते नुसते बसत नाहीत. म्हणून पाइपाच्या टोकाला एक फिरता एल्बो, म्हणजे वाकडा जोड, आहे. एरवी त्याचं तोंड अंगणाकडे. पाऊस आला की छप्पर आधी धुऊन जाऊ द्यायचं, ओंजळीत पाणी धरून बघायचं, ते स्वच्छ दिसलं की तोंड टाकीकडे फिरवायचं. पाऊस थांबला की परत अंगणाकडे. पावसाला एकदा, उघडिपीला एकदा. थोडक्यात, पावसाळाभर घरात एक माणूस कायम हवं. ते माणूस म्हणजे मी.

मी घराबाहेर पडायचं नाही असं मला कुणी कधी म्हणालं नाही. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, फक्त आभाळाकडे बघून "आज भरलंय गो" म्हणायच्या, की माझी पिशवी पुन्हा खुंटीला. ओट्यावर बसलं की समोर खाडीपलीकडे नेरूळचे टॉवर दिसायचे. तिथली माणसं नळ बंद करतात, कुलूप लावतात आणि कामाला जातात. त्यांनी माझं काही घोडं मारलं नव्हतं, तरी मला त्यांचा मनापासून राग यायचा.

मी लॅब टेक्निशियन आहे. लग्नाआधी कामोठ्यात काम करत होते. या जुलैत नेरूळच्या एका लॅबमधून उज्वला मॅडमचा फोन आला. जागा रिकामी झाली होती, दिवसाची ड्युटी, सकाळच्या होडीने जाऊन संध्याकाळच्या होडीने परत येता येईल अशी. पण एक तारखेला हजर व्हायचं. मी तौहीदला सांगितलं. तो तुर्भ्याला एका गोदामात सुपरवायझर आहे, तिथेच चार जणांत खोली करून राहतो आणि रविवारी घरी येतो. तो म्हणाला, "घे ना. पाऊस संपला की घे."

"पाऊस संपेपर्यंत जागा थांबणार आहे का?"

"मग पाण्याचं काय?"

त्याची नोकरी ती नोकरी, माझी ती हौस. यावर भांडून मी यापूर्वी तोंड दमवलं होतं. या वेळी भांडले नाही. मोबाईलवर शोधलं आणि त्याच्याकडूनच तुर्भ्याहून सामान आणवलं. पाइपाला मध्येच एक उभा पाइप जोडायचा, त्यात एक चेंडू. छपराचं पहिलं घाण पाणी त्या उभ्या पाइपात जातं, तो भरला की चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं स्वच्छ पाणी आपोआप टाकीत. माणसाची गरजच नाही. एल्बो कायमचा टाकीकडे. सारसोळ्याच्या किसनदादाने, म्हणजे आमच्या होडीवाल्याने, एका दुपारी ते बसवून दिलं. मी अम्मींचा हात धरून त्यांना एल्बोपाशी नेलं.

"आता याला हात लावायचा नाय, अम्मी. हे असंच ऱ्हानार."

"बरं झालं बाय," त्या म्हणाल्या. "सुटलीस."

त्या हे मनापासून म्हणाल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या गालाचा मुका घेतला.

हजर होण्याआधी काम बघून जा, असं मॅडमनी सांगितलं होतं. मी दोन दिवस गेले. दोन्ही दिवस धो धो पाऊस. लॅबच्या खिडकीतून तो बघताना मला पहिल्यांदाच पावसाची धास्ती वाटली नाही. उलट, पड बाबा, असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन चिखलाच्या पायांनीच मी टाकीत काठी सोडली. पाणी होतं तिथेच होतं.

माझा विश्वास बसेना. पुन्हा काठी सोडली. छपराला भोक नव्हतं, पन्हळ फुटली नव्हती, एल्बोचं तोंड टाकीकडेच होतं. फोनवर तौहीद म्हणाला, "चेंडू अडकला असेल. ऑनलाइन बघून असली कामं होतात का?" मी उभा पाइप उघडला. चेंडू छान वर-खाली होत होता.

म्हणून तिसऱ्या दिवशी मी गेले नाही. अंग दुखतंय सांगून आतल्या खोलीत पडून राहिले. दुपारी पत्रा वाजायला लागला. थोड्या वेळाने अम्मी उठल्या. भिंतीला हात लावत ओट्यावर गेल्या, पाइपाखाली ओंजळ धरल्यासारखं केलं, थोडं थांबल्या आणि एल्बो फिरवला. टाकीकडे होता, तो अंगणाकडे गेला. सगळं चांगलं पाणी गटाराने खाडीत जात होतं आणि अम्मी शांतपणे आत येऊन तसबीहचे मणी ओढत बसल्या. पाऊस थांबल्यावर परत गेल्या आणि एल्बो फिरवला. टाकीकडे. जसा होता तसा.

त्यांनी मुद्दाम केलेलं नव्हतं. त्या हाताने सगळा संसार हेच केलं होतं, हात आपणहून उठला होता. पण त्यांच्यापासून वीतभर अंतरावर पाण्याची धार अंगणात कोसळत होती आणि ती त्यांना दिसली नव्हती. एक डोळा काचबिंदूने गेलेला, हे आम्हाला माहीत होतं. दुसरा चांगला आहे, असं त्या म्हणायच्या. आम्हीही ते सोयीने मानलं होतं.

बोलायचं काय? सांगितलं नाही तर पाइप फसला म्हणून मी घरात. सांगितलं तर अम्मींना दिसत नाही म्हणून मी घरात. दोन्हीकडून दार बंद. मी स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरत बसले, नको होते तेवढे चिरले.

रविवारी तौहीद पाना घेऊनच आला. "काढून टाकतो ही कटकट," म्हणत तो शिडीवर चढला. मी उंबऱ्यात उभी. अम्मींनी ओट्यावरून विचारलं, "काय काढतोस?"

"तुझ्या सुनेचं मशीन. टाकीत थेंब येत नाय त्याने."

अम्मींचा उजवा हात आपोआप उठला, हवेत फिरला आणि तसाच राहिला.

"उतर खाली," त्या म्हणाल्या. "मशीनला काय झालेला नाय. मीच फिरवलाय. तिनी दिवस."

"तू कशाला फिरवशील? समोर दिसत नाय का तोंड कुठे हाय ते?"

"नाय दिसत." मग माझ्या दिशेने मान वळवून त्या म्हणाल्या, "हिला जाऊ दे. हिची काय चूक नाय."

त्या बाईने इतके दिवस लपवलेली गोष्ट माझ्यासाठी बोलून टाकली होती. मला रडू आलं. मी पुढे होऊन घाईघाईने म्हणाले, "एल्बो चिकटवून टाकू. सोल्यूशनने. म्हणजे फिरणारच नाही."

तौहीद शिडीवरून उतरला. त्याने पाना खाली ठेवला आणि अम्मींच्या पायाशी बसला.

"एल्बो चिकटवशील, नाझिया," तो म्हणाला. "अम्मीचं काय? पाऊस वाजला की ही उठनार. ओल्या ओट्यावर एकटी."

तो रागावला असता तर भांडता आलं असतं. तो बरोबर बोलत होता. त्याला स्वतः घरी राहणं सुचलं नाही, एवढंच. अम्मींना तुर्भ्याला ने, असं मी म्हटलं, तर तो चार पुरुषांच्या खोलीत कुठे नेऊ म्हणाला, आणि अम्मी म्हणाल्या, टाकी सोडून मी मेल्यावरच जाईन. मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. म्हणजे तौहीदने बघितलं, अम्मींनी नुसता चेहरा वळवला.

सोमवारी एक तारीख. होडी सुटून गेल्यावर मी उज्वला मॅडमना फोन लावला. अम्मी शेजारीच तांदूळ निवडत बसल्या होत्या, बोटांनी चाचपून. त्यांचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही.

"मॅडम, मला नाही जमणार. घरी पाण्याचा प्रॉब्लेम आहे."

"अहो नाझिया, पाण्याचा प्रॉब्लेम कुणाला नाही?" मॅडम हसल्या. खरंच चांगली बाई. "आमच्या सोसायटीतही सकाळी तासभरच येतं. टेन्शन घेऊ नका. आज उशीर झाला तरी चालेल, पाणी भरून घ्या आणि या."

मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. अम्मींची बोटं तांदळात थांबली होती.

"काय म्हनाली गो?"

"पाणी भरून ये म्हणाली."