निरंजन मरत कसा नाही?

मला सांगा, पोरगं शाळेत जायला लागल्यावर कुणी त्याचं बारसं करतं का? पण पुस्तकं लिहिणाऱ्यांचं डोकंच निराळं. आधी कादंबरी लिहिली ती शनीच्या चंद्रावर एकट्या पडलेल्या कॅप्टन यशोधनची. मग कैक वर्षांनी दुसरी काढली, तर तिच्यात पुढचं नाही, आधीचं! यशोधन तरणा असताना तिकडे कसा पोचला आणि त्याचा धाकटा भाऊ निरंजन कसा मेला, ते. निरंजन मेलाय हे पहिल्या पुस्तकातच आहे. यानाच्या भिंतीवर त्याचा फोटो असतो, यशोधन रोज त्याच्याशी बोलतो. मेला कसा, तेवढंच लेखकाने राखून ठेवलं होतं. ते कळावं म्हणून मी आणि बाबाजान नुसते तळमळत होतो.

बाबाजान म्हणजे माझा कंडक्टर. पारनेर डेपोत मी, सहादू, ड्रायव्हर. राळेगणला मुक्कामाची गाडी असली की जेवणं उरकून तो वाचायचा आणि मी ऐकायचो. दुसरं पुस्तकही त्यानेच नगरहून आणलं, पण उघडलं नाही. "तुझ्यासंगट वाचीन," म्हणाला. पुस्तक माझ्या घरी ठेवून गेला आणि त्याच आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला.

पुण्याला ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला आणि मला पालथं घातलं. तो बुडबुडा पडद्याला दाबून धरणार, म्हणून तोंड कायम खाली. जेवताना खाली, झोपताना खाली. डॉक्टरांनी बजावलं, खोकायचं नाही, जोर करायचा नाही, हुंदके देऊन रडायचं नाही. पडदा पुन्हा सुटला तर डोळा गेला. आणि ड्रायव्हरचा डोळा गेला की स्टिअरिंग गेलं.

तर मी घरी बाजेवर पालथा. सुमनने, माझ्या बायकोने, डोक्याकडच्या नवारीच्या पट्ट्या सोडवून भोक केलं, त्यात माझं तोंड. नाकाखाली फरशीवर टेपरेकॉर्डर. माझी लेक दीपा सुप्याला कंपनीत जाते. संध्याकाळी आतल्या खोलीत बसून ती पुस्तक वाचून कॅसेट भरायची आणि दुसऱ्या दिवशी सुमन ती मला लावून द्यायची. लेक गुणाची आहे, आवाजही गोड आहे. पण वाचन? अहो, डोक्याला ताप!

पहिल्याच कॅसेटमध्ये यानाच्या इंजिनाने पेट घेतला. माझ्या मुठी वळल्या. टेप जरा खरखरली आणि दीपाचा आवाज आला, "आग विझली. सगळे सुखरूप होते. मग सगळे जेवायला बसले." जेवायला? आत्ता तर पेटलं होतं! पुढच्या कॅसेटमध्ये आचारी खो खो हसत काहीतरी सांगायला लागला. "आचाऱ्याने एक गंमत सांगितली. ती चांगली होती." अगं कोणती गंमत? ती काय मी फरशीला विचारू?

मग निरंजन दुरुस्तीला यानाबाहेर गेला आणि त्याची दोरी तुटली. म्हटलं, आलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं. खरखर झाली. "निरंजन सुखरूप परत आला. मग सगळे जेवायला बसले."

"सुमे!" मी असा ओरडलो की हातातली पळी घेऊन ती धावत आली.

"डोकं वर करू नका!"

"न्हाई केलं वर! पण ही पोरगी मला येडा बनवती. हा मेलाच न्हाई तर भिंतीवर फोटो कुणाचा लावला? मेव्हण्याचा?"

संध्याकाळी दीपा आली. मला फक्त तिचे पाय दिसत होते.

"दीपे, निरंजन मरत कसा न्हाई?"

"दादा, तुम्हाला रडू येईल. हसलात तर अंग हलेल. म्हणून मी तेवढं गाळते."

"तेवढं गाळल्यावर उरलं काय? पंगती! अगं, पुस्तकातल्या मानसासाठी मी हुंदके देईन व्हय? तुला जमत न्हाई तर ऱ्हाऊ दे. बाबाजानला बोलाव, तो वाचील. लेकाचा एकदा फिरकला न्हाई. तुझ्या आईला विचारलं तर एक दिवस म्हनती ड्युटीवर हाय, दुसऱ्या दिवशी म्हनती गावाला गेलाय."

"बाबाजानचाचा सुखरूप आहेत," दीपा म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

माझ्या तोंडावर आलेली शिवी तिथेच थांबली. मी त्याला बोलवायला सांगितलं होतं. तो सुखरूप आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. आणि हा आवाज मला ओळखीचा होता. निरंजनची दोरी तुटल्यावर हाच आवाज होता. माझ्या ऑपरेशनचं कळल्यावर बाबाजान पाय मोडला असता तरी खुरडत आला असता, आणि आल्या आल्या पुस्तक मागितलं असतं.

सुमनचे पाय दारात येऊन थांबले. दीपाच्या पायाची बोटं फरशीवर आवळली गेली.

"दादा," दीपाचा आवाज फुटला. "खरं सांगू का? तुम्ही पुण्याला होतात तेव्हा..."

"गप!"

माझ्या छातीत काहीतरी खालून वर येत होतं. मी बाजेची कड दोन्ही हातांनी धरली आणि दात आवळले. श्वास बारीक बारीक घेतला. डोकं हलू दिलं नाही. मग म्हणालो,

"आत्ता न्हाई. डॉक्टर उठ म्हनतील त्या दिवशी सांग. समोर बसून सांग. कसं झालं, कुठं झालं, कोन कोन हुतं, सगळं. एक अक्षर गाळलंस तर बघ."

ती रडत होती. मला राग आला, लई राग आला, की हिला रडता येतंय.

"रडायचं तर भाईर जा. आन् ऐक," मी म्हणालो. "तवर बाबाजान ड्युटीवर हाय."