लाल तारखेचा पगार

सरकारचं नवं वर्ष एक एप्रिलला.

केराबाईचं पाडव्याला.

या वर्षी दोन्हींच्या मधे जेमतेम दोन दिवस होते, आणि त्या दोन दिवसांत बिरुदेवची नोकरी अडकून बसली होती.

म्हणजे सोडलेली नोकरी. बावन्नाव्या वर्षी, जानेवारी संपताना, सूतगिरणीतलं स्टोअर त्यानं आपणहून सोडलं. हाताशी आलेली रक्कम मुदत ठेवीत घातली आणि कुंभारी गावातल्या घरात बायकोला, केराबाईला, गणित समजावलं. थोडं ठेवीचं व्याज, बाकी म्युच्युअल फंड. दर वर्षी त्यातलं वर्षाला पुरेल तेवढंच विकायचं. सगळा कळप एकाच बाजाराला न्यायचा नसतो, हे धनगराच्या लेकीला वेगळं सांगावं लागलं नाही. तिनं एकच अट घातली. बिनपगाराच्या घरातला पहिला पैसा पाडव्याच्या मुहूर्तावर मोकळा करायचा. बिरुदेव व्हय म्हणून बसला.

मार्चात त्याचे डोळे उघडले.

चालू वर्षात दहा महिन्यांचा पगार होता. फंड आत्ता विकला तर नफा त्या पगाराच्या डोक्यावर बसणार आणि कर घरखर्चाचे दोन महिने खाणार. तोच फंड एक एप्रिलला विकला तर? वर्ष कोरं, पगार नाही, नफा जवळजवळ सगळा करातून सुटला.

दोन महिने. गिरणीच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. जागा रिकामीच आहे, मंगळवारपर्यंत काय ते कळवा. बारा महिन्यांचे दहाच उरले, तर बिरुदेव परत स्टोअरच्या खुर्चीत.

गुढीसाठी काठी पुसत केराबाईनं हे सगळं ऐकून घेतलं.

"दोन दिवस थांबलं तर काय बिघडतंय?" तो म्हणाला.

"तुमी नोकरी सोडली तवा मी ईचारलं व्हतं का, काय बिघडतंय म्हणून?"

त्यानं काठी तिच्या हातातून घेतली.

गुढी उभी राहिली. तोंडात कडुनिंब, हातात मोबाईल. ओटीपी आला.

दाबलं.

गेले दोन महिने.

दिवसभर तो पुरणपोळीकडे सुद्धा परक्यासारखा बघत होता. केराबाईनं तूप वाढलं. तिलाही ते दोन महिने दिसत होतेच की.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुनीराभाभी शीरखुर्म्याचं भांडं घेऊन दारात.

"ईद के दिन ऐसा मुंह कायकू, भाईजान? आज तो सब बंद है."

सब बंद.

म्हणजे शेअरबाजारही. आणि काल?

तो भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेला. पाडव्याची तारीख लाल. पण सण नसता तरी ती लालच असती, कारण तो रविवार होता. लालावर लाल. दोन महिने घरी बसलेल्या माणसाला वार कुठला आठवतो? बाजार बंद असताना दिलेली विक्री, बाजार उघडेल त्या दिवशी होते. काल रविवार, आज ईद. उद्या मंगळवार.

उद्या एक एप्रिल.

भाभींच्या देखत तो एकटाच हसायला लागला. केराबाई पदराला हात पुसत आली, तिला दोनदा सांगावं लागलं. मग तिनं भांड्यातला एक बदाम उचलून तोंडात टाकला.

"मुहूर्त माझा, वर्ष सरकारचं. आता बसा गप."

मंगळवारी साहेबांना त्यानं नाही म्हणून कळवलं. आठवडा सरताना पैसे जमा झाले. त्यातला एका महिन्याचा वाटा बिरुदेवनं तिच्या खात्यावर टाकला, तेव्हा तिचा फोन चुलीशेजारच्या फळीवर टुणकन वाजला.

तिनं वाचलं. भाकरी उलटली.

"पगार झाला म्हणायचा," ती म्हणाली.