तेरेरेची फेरी

नळीवर दात वाजले. हातोहात फिरणारा तेरेरेचा पेला, पानांवर ओतलेलं गार पाणी, त्यातली धातूची नळी, आणि ती धरणारी अरासेलीची बोटं... झुनिल्दाने नेहमीसारखी आधी बोटंच पाहिली. विच्छेदनाच्या टेबलावर अख्ख्या वर्गाने जिचं कौतुक करायचं, तिची बोटं आज थरथरत होती.

"धन्यवाद," म्हणत अरासेलीने पेला परत दिला. म्हणजे झालं, मला आता नको. असुन्सिओनमधल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण पुढच्या फेरीला तिनेच हात पुढे केला.

"अगं, आत्ताच नको म्हणालीस ना?" तेरेरे ओतणारा डेर्लिस म्हणाला. "झोपेत आहेस काय?"

सगळे हसले. झुनिल्दाला हसू आलं नाही. अरासेलीचं वॉर्डातल्या औषधांच्या कपाटापाशी उगाच घुटमळणं, जड झालेली जीभ, तेच वाक्य दोनदा — सगळं एकदम जुळलं. झोपेच्या गोळ्या! आणि तिला चक्क आनंद झाला. उद्या तोंडी परीक्षा, पहिली येईल ती विच्छेदनाच्या सरांची मदतनीस. ही अडखळली की मीच. गप्प बसायचं, बस. मी काय हिची आई आहे? दोन वर्षं हिच्यामागे दुसरी, दोन वर्षं 'अरासेलीकडून शीक जरा' — नुसता जळफळाट... पण काल जिन्यावरून ही कठडा धरून उतरत होती, डोळे अर्धे मिटलेले. पडली, आणि उठलीच नाही तर?

तिने अरासेलीला दंडाला धरून नळामागे नेलं.

"गोळ्या किती घेतेस?"

"कसल्या गोळ्या?"

"माझ्याशी खोटं बोलू नकोस."

अरासेलीने हात पुढे धरले. "बंद करून पाहिल्या गं. मग हात असे होतात."

"एकटीने बंद करायच्या नसतात. वॉर्डातल्या बेनितेस डॉक्टरबाईंकडे चल. आत्ता."

"आईच्या शेजारी झोपते मी, झुनी. तिला नाही कळलं. तुला कसं कळलं?"

काय सांगणार? की दोन वर्षं तुझ्यावरची नजर हलवली नाही मी, तू कधी चुकतेस म्हणून टपून बसले होते?

"चल," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी अरासेलीकडे एकदा पाहिलं आणि "ये बाळा," म्हणत तिला जवळ घेतलं. झुनिल्दा दारातच राहिली. मला कुणी असं... इथेही हीच पहिली! पोटात पुन्हा तीच आग, जुनी, ओळखीची — आणि त्या आगीतच तिला वाटलं, बरी हो, मेले. बरी हो आणि पुन्हा माझ्यापुढे जा, म्हणजे मला तुझ्यावर मनसोक्त जळता येईल.