सतरा नंबरचा डबा

"मॅडम, उंदरांना आजोबा असतात का?"

प्रश्न विचारून भिंगरी तशीच उभी राहिली. मागच्या बाकावर मैत्रिणींनी तोंडात रुमाल कोंबले होते. पैज हीच होती: वर्गात आलेल्या पाहुण्या मॅडमना हे विचारायचं, आणि तेही न हसता. गेल्या वर्षीची भिंगरी असती तर हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा तिचा आवाज घशात अडकला असता. पण नववीत आल्यापासून तिला कुठूनसा आवाज फुटला होता, आणि एकदा फुटल्यावर तो थांबायचं नावच घेत नव्हता.

मॅडम उंदरांचा अभ्यास करणाऱ्या. त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

"नसतात," त्या म्हणाल्या. "आजोबा व्हायला जगावं लागतं ना. शहराबाहेरच्या माळावर जो गवती उंदीर राहतो, त्यानं वर्ष पुरं केलं तर तो म्हणजे फारच म्हातारा. बाकीचे त्याआधीच कुणाच्या तरी तोंडी जातात. घुबड, साप, घार, मांजर, सगळ्यांच्या ताटात तोच."

वर्ग खो खो हसला. भिंगरीला मात्र पैज जिंकूनही हसू येईना. तास संपल्यावर ती मॅडमच्या मागे धावली. "मी बघायला येऊ?"

"संध्याकाळी हाताखाली कुणी असलं तर बरंच," मॅडम म्हणाल्या. "पण घरी विचारून ये हं."

घरी आईनं आधी कपाळाला हात लावला. "उंदीर? अगं, स्वयंपाकघरात झुरळ दिसलं तर तू टेबलावर चढतेस!" पण बाबांनी होकार दिला आणि भिंगरी माळावर पोचली.

माळावरचं सगळं तिला शिकवलं ते झाकणकाकांनी. काका मॅडमचे मदतनीस, तीस वर्षं याच गवतात वावरलेले. हे नाव त्यांना कुणी आणि कधी ठेवलं ते त्यांनाही आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते उघड होतं. माळावर तीस लाल झेंडे रोवलेले, प्रत्येकाशेजारी पत्र्याचा एक लांबट डबा. संध्याकाळी डबे उघडायचे, आत मूठभर दाणे आणि ऊब म्हणून कापूस ठेवायचा. उंदीर आत गेला की झाकण आपोआप पडतं. सकाळी उन्हं चढायच्या आत काका प्रत्येक डबा बघणार, उंदराचं वजन करणार, वहीत लिहिणार आणि त्याला होता तिथेच सोडणार. मग दिवसभरासाठी सगळे डबे बंद, कारण उन्हात पत्र्याचा तवा होतो. प्रत्येक झाकण काका दोनदा दाबून बघायचे.

"हे बघ," गवताचा बुंधा हळूच बाजूला करत ते म्हणायचे. खाली दोन बोटं रुंदीची स्वच्छ वाट वळणं घेत गेलेली असायची. "हा त्यांचा हमरस्ता. रोज दातांनी कातरून साफ ठेवतात. आपल्या नगरपालिकेला जमायचं नाही."

"आणि घर कुठंय? बिळात?"

"बीळ असतं गं, पण घर म्हणजे गवतच. गवत गुडघ्याएवढं आहे तोवर घर आहे. कापलं की संपलं. उघड्यावरून हा प्राणी चार पावलंसुद्धा टाकायचा नाही."

उंदराची मादी तीन आठवडे पोटात पिल्लं वागवते, गवत विणून चेंडूएवढं घरटं करते. पिल्लं जन्मतात तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढी, गुलाबी, आंधळी. दहाएक दिवसांनी डोळे उघडतात आणि तीन आठवड्यांत ती घराबाहेर पडतात. "तुझ्या एका चाचणीपासून दुसऱ्या चाचणीपर्यंत यांचं बालपण, शाळा, लग्न, सगळं उरकतं," काका म्हणायचे, आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसायचे.

मॅडमचा नियम एकच होता, पण कडक. डबा झेंड्यापासून हलवायचा नाही. हलवलाच, तर झेंडाही हलवायचा आणि वहीत लिहायचं. हे ज्याला जमणार नाही त्यानं माळावर पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

महिन्याभरात भिंगरी सराईत झाली. शाळेच्या फळ्यावर तिचा फोटो लागला, तळहातावर उंदीर घेतलेला. आईनं त्याची एक प्रत आपल्या चष्म्यांच्या दुकानाच्या काउंटरवर काचेखाली ठेवली आणि येईल त्या गिऱ्हाईकाला चष्म्याआधी फोटो दाखवायला लागली. फक्त एक गोष्ट भिंगरीला खुपत होती. अकरा ते वीस हे डबे तिचे, आणि तिच्याच डब्यांत उंदीर येत नव्हते.

त्या संध्याकाळी सतरा नंबरच्या झेंड्यापासून पाच-सहा पावलांवर, गवताच्या एका दाट झुबक्याखाली तिला ताजी वाट दिसली. वाटेवर हिरव्या काड्यांचे नुकतेच कातरलेले बारके ढीग. इथे डबा ठेवला तर उंदीर आलाच म्हणून समजा! तिनं डबा उचलला आणि झुबक्यात सारला. लिहायला हवं होतं. पण वही काकांच्या पिशवीत, काका माळाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि हिच्या मनात उद्याचा उंदीर आत्ताच नाचायला लागलेला. झेंडा हलवायचाही राहिला.

सकाळी ती शाळेत. काका सतरा नंबरच्या झेंड्याशी आले तर डबा नाही. मळलेले डबे भिंगरी अधूनमधून नळावर धुवायला न्यायची. नेला असेल, असं म्हणून ते अठराकडे वळले. त्या दिवशी ऊन नुसतं भाजून काढत होतं.

संध्याकाळी सायकल टाकून भिंगरी सगळ्यांच्या आधी झुबक्याकडे धावली. झाकण पडलेलं होतं. "आला! आला!" ती ओरडणार, तेवढ्यात हाताला पत्र्याचा चटका बसला. दिवसभराचं ऊन त्यात अजून होतं. आतून काहीच हललं नाही.

तिनं झाकण किलकिलं करून पाहिलं. कापसावर उंदीर निपचित पडला होता.

लांबून मॅडम आणि काका बोलत येत होते. पुढचं तिनं विचार करून केलं नाही, पण केलं तिनंच. डबा उचलला, पळत नेला आणि सतरा नंबरच्या झेंड्याशी जसाच्या तसा ठेवला.

मॅडमनी मेलेली मादी तळहातावर घेतली. पोटावरच्या केसांवर हलकी फुंकर मारली आणि त्यांचा चेहरा उतरला. "पाजत होती. पिल्लं आहेत कुठेतरी." मग त्यांनी वर पाहिलं. "काका, सकाळी सतरा नंबर बघितला नव्हता?"

"इथे डबा नव्हता, मॅडम."

तिघांनीही डब्याकडे पाहिलं. तो झेंड्याला टेकून होता. काका चष्मा काढून उगाचच पुसत राहिले.

"आधी घरटं शोधू," मॅडम म्हणाल्या.

काका झेंड्याभोवती गुडघ्यांवर बसून एकेक झुबका हातांनी उकलत होते. मॅडम दुसऱ्या बाजूला. घरटं कुठे असेल ते भिंगरीला ठाऊक होतं. पण थेट तिकडे गेली तर विचारतील, तुला कसं कळलं? म्हणून तीही भलतीकडेच शोधत राहिली. अर्धा तास. अंधारून यायला लागलं तसं तिला राहवेना. सहज आल्यासारखी ती त्या दाट झुबक्याशी गेली आणि गवत बाजूला केलं.

डबा होता तिथून हातभरावरच घरटं होतं. विणलेलं, सुबक, चेंडूएवढं. आत पाच पिल्लं. चार गार पडली होती. पाचवं अजून तोंड उघडमीट करत होतं.

काकांनी ते ओंजळीत घेतलं, श्वासानं ऊब देत फाटकापर्यंत चालत नेलं. फाटकाशी ओंजळ उघडून पाहिली आणि हळूच पुन्हा मिटली.

तीन दिवस भिंगरी माळावर गेली नाही. आईला म्हणाली, अभ्यास आहे. भिंगरी आणि अभ्यास! आईनं तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

चौथ्या दिवशी दुपारी ती दुकानाच्या मागच्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती. बाहेर बाबांचं काचा घासायचं यंत्र घरघरत होतं. ते थांबलं.

"या काका, बसा," बाबा म्हणाले. पडद्याच्या फटीतून भिंगरीला झाकणकाका दिसले. टोपी हातात, केस विंचरलेले, परीक्षेला बसल्यासारखे.

"डोळे तपासा," काका म्हणाले. "मॅडमनी सांगितलंय, पुढच्या महिन्यापासून ऑफिसात बसून वह्या सांभाळा. रागावल्या नाहीत हो. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं."

बाबांनी त्यांच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवली, एकेक काच बदलली. काका भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मोठ्यानं वाचत गेले. वरची ओळ, मधली, त्याखालची. शेवटचीही.

"अहो काका, ही ओळ मला धड दिसत नाही!" बाबा हसले. "नंबर आहे तोच आहे. ठणठणीत आहेत डोळे."

काका हसले नाहीत. "परत बघा. काहीतरी असेलच."

"नाही हो काही."

"डबा समोर होता आणि मला दिसला नाही. तिथे नाहीच असं मी शपथेवर सांगितलं असतं." काकांचा आवाज खाली गेला. "डोळे चांगले असतील, तर मग..." त्यांनी बोटानं कपाळावर टकटक केलं. "मग इथलं गेलं म्हणायचं का? माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू दिसेनात. मग माणसं ओळखू येईनात."

काउंटरमागे बसलेल्या आईनं बाबांकडे पाहिलं. मग बाबा म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून ठेवतो. उद्या न्या." काकांनी मान हलवली, टोपी घातली, आणि दारात थांबले.

"आमची भिंगरी दिसत नाही? तीन दिवस आली नाही. तिला सांगा, तिची काही चूक नाही. पोर आहे, जिवाला लावून घ्यायची."

दार लागलं. बाबांनी कागद ओढला. पडदा सरकला आणि भिंगरी बाहेर आली. चेहरा असा, की आई उठूनच उभी राहिली. "काय गं? काय झालं?"

"बाबा, चिठ्ठी लिहू नका."

आणि तिनं सांगून टाकलं. डबा, झुबका, झेंडा. सांगताना एकदाही थांबली नाही, अडखळली ती फक्त त्या अर्ध्या तासाशी. "कदाचित जगलं असतं एखादं. मला ठाऊक होतं कुठे आहेत ती. मी दुसरीकडे शोधत बसले, आई."

आईनं तिला जवळ ओढलं. मग आई म्हणाली, "उद्या आपण दोघी जाऊ मॅडमकडे. मी सांगते त्यांना नीट समजावून."

"पण त्या परत घेणार नाहीत हिला," बाबा हळूच म्हणाले.

भिंगरीनं बाहीनं नाक पुसलं आणि चपला शोधायला वाकली.

"माहितेय. उद्या नाही, मी आत्ताच जाणार. काका कोपऱ्यापर्यंतच पोचले असतील. आधी त्यांना सांगणार, की डबा तिथे नव्हताच. मग मॅडमकडे जाऊन वहीत माझ्या हातानं लिहिणार, सगळं, तो अर्धा तासही. ठरलंय माझं. आणि आई, तू येऊ नकोस. बाबा, तुम्हीपण नाही."